हरलेल्यांचे घर आणि क्रमांकांचा बाजार

एकाच प्रसंगाला सभागृहातील निम्मे प्रेक्षक खळखळून हसावेत आणि उरलेल्यांनी त्या हसणाऱ्यांकडे रागाने पाहावे, असे क्वचितच घडते. आमच्या महाविद्यालयात पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी 'लिटल मिस सनशाइन' हा २००६ सालचा अमेरिकन चित्रपट दाखविला, तेव्हा नेमके हेच घडले. प्रवासात मरण पावलेल्या आजोबांचे प्रेत रुग्णालयाच्या खिडकीतून बाहेर काढून कुटुंबीय ते मोटारीत घालतात, हे दृश्य आले तेव्हा मुले हसत होती आणि एक ज्येष्ठ सहकारी उठून निघून गेले. नंतर दोन दिवस शिक्षकांच्या खोलीत आणि वर्गात दुसरा विषय नव्हता. त्या वादात केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर त्याची दखल या स्तंभात घेण्याचे कारण नव्हते.

जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या दांपत्याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा मायकेल आर्न्ट यांची. हूव्हर कुटुंबातील सात वर्षांच्या ऑलिव्हला बालिकांच्या एका सौंदर्यस्पर्धेत भाग घेण्याची अनपेक्षित संधी मिळते आणि तिच्यासाठी सारे घर एका जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन गाडीत बसून अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीचला निघते. बाप रिचर्ड यशाच्या नऊ पायऱ्या शिकविणारा व्याख्याता. परंतु त्याच्या पुस्तकाला प्रकाशक नाही. मामा फ्रँक हा प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराचा अभ्यासक. प्रेमात झिडकारला गेलेला आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला. थोरला मुलगा ड्वेन याने वैमानिक होण्याच्या ध्यासापायी मौन धरलेले. आजोबांना हेरॉइनच्या व्यसनामुळे वृद्धाश्रमातून काढून टाकलेले. आणि या सर्वांना जेवू घालणारी, समजूत काढणारी आई शेरिल.

या चित्रपटाविषयी तीन मतप्रवाह संभवतात आणि आमच्याकडे ते तिन्ही व्यक्त झाले. पहिले मत असे, की ही कुटुंबप्रेमाची हृद्य कथा आहे. भांडखोर माणसेही संकटात एकत्र येतात, हा तिचा बोध. दुसरे मत याच्या नेमके उलट. विक्षिप्तपणाचे एकेक लेबल लावून पात्रे गोळा करायची, त्यांना एका गाडीत कोंबायचे आणि शेवटी सर्वांना नाचवायचे, हा एक ठरीव साचा आहे, असे ते मत. तिसरा आक्षेप नैतिक आहे. लहान मुलींना नटवून मिरविणाऱ्या स्पर्धांचा हा चित्रपट उपहास करतो खरा. परंतु शेवटी त्याच वयाच्या मुलीला रंगमंचावर एक उत्तान नाच करायला लावतो, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

तिसऱ्या आक्षेपाचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तो नाच ऑलिव्हला आजोबांनी शिकविलेला असतो आणि तिला त्याचा अर्थ कळत नाही. अर्थ कळतो तो प्रेक्षागृहातील मोठ्या माणसांना. इतर मुलींच्या रंगविलेल्या चेहऱ्यांवर आणि बेतलेल्या हावभावांवर टाळ्या वाजविणारी हीच माणसे ऑलिव्हचा नाच पाहून खवळतात. जे आडपडद्याने चालले होते ते एका अजाण मुलीने उघड केले, हा तिचा अपराध. चित्रपटातील इतर स्पर्धक मुली प्रत्यक्षातही अशा स्पर्धांत भाग घेणाऱ्याच होत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हा उपहास अतिशयोक्तीवर उभा नाही, हे पटते. तरीही एका बालिकेला साधन करून हे दाखवावे लागले, ही बोच उरतेच; ती उरू द्यावी.

परंतु प्रस्तुत लेखकाला या तिन्ही मतांत एक समान त्रुटी दिसते. तिन्ही मते या कुटुंबाकडे पाहतात. कुटुंब ज्या बाजारात उभे आहे त्याकडे पाहत नाहीत. हूव्हर मंडळींची घडी विस्कटली ती स्वभावदोषांमुळे एवढीच नव्हे. या घरातील जवळजवळ प्रत्येक पुरुष पहिल्या क्रमांकाच्या मागे धावून दमलेला आहे. फ्रँकची जखमसुद्धा निव्वळ प्रेमभंगाची नाही. आपण देशातील प्रूस्तचे पहिल्या क्रमांकाचे अभ्यासक, असे त्याला वाटते. प्रियकर गेला तो प्रतिस्पर्धी अभ्यासकाकडे, आणि मानाची पाठ्यवृत्तीही त्या प्रतिस्पर्ध्यालाच मिळाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक भेद ठाऊक असावा लागतो. सामान्य व्यवहारात जो जेवढे काम करतो, त्याला साधारणपणे तेवढा मोबदला मिळतो; थोडे कमी काम, थोडा कमी पैसा. क्रमांकांच्या शर्यतीत तसे नसते. तेथे मोबदला कामाच्या परिमाणावर नव्हे, तर क्रमावर ठरतो; केसाइतक्या अंतराने दुसरा आलेलाही रित्या हाताने परततो. एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये श्रमाच्या मोबदल्याच्या या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. पुढे १९९५ मध्ये रॉबर्ट फ्रँक आणि फिलिप कुक यांनी, विजेत्यालाच सर्वस्व देणारी ही रीत समाजाच्या एकेका क्षेत्रात कशी पसरत चालली आहे, हे एका ग्रंथात दाखवून दिले.

रिचर्डच्या नऊ पायऱ्यांतील खोट येथे उघडी पडते. ती नीतीची नसून तर्काची आहे. तमाशाच्या फडात एकटा प्रेक्षक उभा राहिला, तर त्याला अधिक दिसते. सगळेच उभे राहिले, तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. त्याचप्रमाणे शंभर जणांनी त्या नऊ पायऱ्या निष्ठेने चढल्या, तरी पहिला क्रमांक एकालाच मिळणार आणि नव्याण्णव निष्ठावंत हरणार. जो नियम एकाला लागू पडतो तो सर्वांना लागू पडेल असे मानणे, हाच तो तर्कदोष. यशाची व्याख्याने देणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. हे गणित श्रोत्यांसमोर मांडणारा त्यांच्यात विरळा.

या शर्यतीच्या विरुद्ध बाजूस चित्रपट एक गाडी उभी करतो. तिचा क्लच निकामी झाला आहे. सर्वांनी उतरून धक्का मारल्याशिवाय ती सुरू होत नाही आणि ती धावू लागली की एकेकाला पळत जाऊन आत उडी घ्यावी लागते. मागे राहिलेल्याला आतले हात देऊन ओढून घेतात. येथे पहिला कोण चढला, याला काहीच किंमत नाही. शेवटचा चढला की नाही, हाच प्रश्न. आपण रंगांध असल्याने वैमानिक होऊ शकत नाही, हे कळताच ड्वेन मौन मोडून आकांत करतो आणि गाडीतून उतरून दूर जाऊन बसतो. थोरल्यांचे शब्द तेथे निरुपयोगी ठरतात. ऑलिव्ह जवळ जाऊन, एक अक्षरही न बोलता त्याच्या खांद्यावर डोके टेकते आणि तो उठतो. या प्रसंगाला ठरीव साचा म्हणणाऱ्यांशी माझे मत जुळत नाही.

तथापि चित्रपटाचा पक्ष घेताना दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली एका विद्यार्थिनीने सांगितली. ती म्हणाली, "सर, बापाला पुस्तक आहे, मामाला प्रूस्त आहे, भावाला विमान आहे. आईला काय हवे आहे, ते कोणीच विचारले नाही." हे अगदी खरे आहे. ज्या घरात सर्वांना हरण्याची मुभा असते, तेथे न हरता उभे राहण्याचे काम बहुधा एकाच व्यक्तीकडे असते आणि त्या कामाची नोंद ना राष्ट्रीय उत्पन्नात होते, ना पटकथेत.

दुसरी गोष्ट एका विद्यार्थ्याने विचारली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला दोनदा बसलेला आणि तिसऱ्यांदा बसणार असलेला, तो मागच्या बाकावरचा मुलगा. तो म्हणाला, "सर, गाडीला धक्का मारायला घरचे होते, हे ठीक. पण परत गेल्यावर त्या घराचा खर्च कोण चालवणार? पुस्तक तर गेलेच ना?" वर्ग हसला. मी त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण मजजवळ ते नव्हते.

आज एवढे म्हणता येईल, की त्याने चित्रपटाच्या मर्यादेवर बोट ठेवले. हरण्याची लाज कुटुंब वाटून घेऊ शकते, आणि ती कशी वाटून घ्यावी, हे या चित्रपटाइतके प्रसन्नपणे फार थोड्यांनी दाखविले असेल. परंतु हरण्याची किंमत पेलणे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. मोजक्या जागांसाठी अगणित तरुणांची वर्षे खर्ची पडत असतील, तर दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या क्रमांकाच्या माणसालाही पोटापुरते मानाचे काम मिळेल अशी व्यवस्था करणे, हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते न करता कुटुंबाच्या मायेचे गोडवे गाणे म्हणजे आपली जबाबदारी आयांच्या पदरात टाकणे होय.

या चित्रपटाचे स्वतःचे नशीब या दृष्टीने मोठे सूचक आहे. सुमारे ८० लाख डॉलरांत तयार झालेल्या या कृतीने जगभरात १० कोटी डॉलरांच्या आसपास उत्पन्न मिळविले. मूळ पटकथेसाठी आर्न्ट यांना आणि आजोबांच्या भूमिकेसाठी ॲलन आर्किन यांना ऑस्कर पारितोषिक लाभले. हरलेल्यांची बाजू मांडणारी कथा अशी शर्यत जिंकून गेली. त्याच काळात तयार झालेले आणि कोणालाच न दिसलेले किती चित्रपट असतील, त्यांच्या कर्त्यांच्या घरी त्या वर्षी काय घडले असेल, हा प्रश्न मागच्या बाकावरच्या त्या मुलाला नक्कीच सुचला असता.