हरित द्रावकाची कसोटी

बहुवारिकांच्या रेणुमाला इच्छित लांबीच्या घडविणे म्हणजे नियंत्रित बहुवारिकीकरण. भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यावर संशोधन चालते. या क्रियेत वापरले जाणारे अनेक द्रावक उडून हवा दूषित करतात. आयनिक द्रव, म्हणजे १०० अंश सेल्सियसखाली वितळणारे क्षार, जवळजवळ उडतच नाहीत. परंतु तेवढ्यावरून त्यांस निर्दोष मानणे योग्य नव्हे. जे हवेत जात नाही, ते सांडपाण्यावाटे शिवनाथ नदीत जाऊ शकते, आणि लांब कार्बनशृंखलेचे इमिडाझोलियम द्रव जलचरांस विषारी असतात. २८ दिवसांत किमान ६० टक्के जैविक विघटन ही सर्वमान्य कसोटी होय. आहारातही आढळणाऱ्या कोलीनपासून केलेले काही द्रव तीस उतरले आहेत. म्हणून बहुवारिकाच्या उताऱ्याशेजारी द्रावकाच्या विघटनाचा आकडाही नोंदला जावा. त्यावाचून ‘हरित’ हे विशेषण व्यर्थ होय.