बारावीत पुढे, प्रवेशात मागे



बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२४ साली महाराष्ट्रात ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९१.६० टक्के. २०२५ साली मुली ९४.५८ टक्के, मुलगे ८९.५१. मथळ्याखाली लेकीला पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो असतो. मला हा मथळा आताशा खटकू लागला आहे. तो खोटा असतो असे नाही, पण मुली जो डाव जिंकतात तो व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात धरलाच जात नाही.

एकेकाळी आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीयच्या जागा बारावीच्या गुणांवर मिळत. पुढे सीईटी आली. वैद्यकीयसाठी २०१६ पासून देशभर नीट आली. आज अभियांत्रिकीला जायचे तर बारावीत ठरावीक विषयांत ४५ टक्के पुरतात, राखीव प्रवर्गाला ४०. पुढचे सारे सीईटीच्या पर्सेंटाइलवर. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुणांवर राहिले. हे आमच्या केंद्रात आलेल्या पालकांना दरवर्षी नव्याने समजावून सांगावे लागते.) वर्षभर वर्गात बसून, वह्या पूर्ण करून मिळवलेले पंचाऐंशी टक्के उंबरठा ओलांडण्यापुरते उरतात.

सीईटी म्हणजे तीन तासांत दीडशे प्रश्न, संगणकासमोर बसून. त्याला वेग लागतो, वेगाला सराव लागतो आणि सरावाला क्लास. क्लासला पैसे लागतात. हे पैसे घरात कुणासाठी निघतात, हा प्रश्न मथळा लिहिणाऱ्यांना पडत नाही. गेल्या जूनमध्ये एक आई दोन्ही मुलांचे निकाल पिशवीत घेऊन आली होती. दोघांत वर्षभराचे अंतर, पण एकाच वर्षी बारावीला बसलेली. मुलाला दोन वर्षे लातूरला ठेवले होते, खोली आणि डबा लावून. मुलगी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात, एसटीने जाऊन येऊन. बारावीत तिला ८६ टक्के, त्याला ७१. सीईटीत त्याला ९३ पर्सेंटाइल, तिला ७८. आई म्हणाली, "ती हुशारच आहे हो, तिला क्लास कशाला?" मुलाला क्लास आणि मुलीला तिची हुशारी, अशी ही वाटणी. आईच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तिला खरोखरच तसे वाटत होते, म्हणून मला ते अधिक लागले.

मग सीईटी बंद करून पुन्हा बारावीचेच गुण धरा, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. कॉपीची केंद्रे आणि प्रात्यक्षिकांत वाटलेले गुण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शिवाय प्रवेश परीक्षा मुलींना झेपत नाही हेही खरे नाही. २०२४ साली नीटसाठी सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले, त्यांत तेरा लाखांहून अधिक मुली होत्या. त्याच वर्षी जेईई अॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरले ४८,२४८. त्यांत मुली केवळ ७,९६४. दोन्हीकडे तीच फिजिक्स-केमिस्ट्री. मुलगी डॉक्टर झालेली घराला चालते, शोभते. म्हणून तिथे खर्च होतो. आयआयटीने २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या, मुलांची एकही जागा कमी न करता; आणि तिथेही पात्रतेची अट दोघांना सारखीच आहे. तरीही त्या मुलींना 'कोट्यातली' म्हणून हिणवले जातेच.

आता पैशांकडे येते. ८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निर्णय चांगला आहे. त्याचे स्वागत मनापासून केले, आजही करते. पण 'मुलींना शिक्षण मोफत' ही घोषणा ऐकून आलेल्या आयांना पुढचे वाक्य कुणी सांगितलेले नसते. माफी मिळते ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून जागा मिळाली तरच. दोन-चार पर्सेंटाइल कमी पडले आणि संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला, की पूर्ण फी भरा. म्हणजे ज्या मुलीच्या क्लासला पैसे नव्हते, तिच्याकडेच फीचे पैसे मागायचे. मुलाला कमी पडले तर बाप कर्ज काढतो, एखादा तुकडा विकतो. मुलीला कमी पडले की बी.ए.ला नाव घालतात आणि दिवाळीनंतर स्थळे येऊ लागतात.

वसतिगृह आणि खाणावळ या माफीत नाहीत. म्हणून कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना वडील म्हणतात, "रोज जाऊन येऊन करता येईल तेवढीच भर." चांगले पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलीही यादीत जवळची दोनच कॉलेजे टाकून उठतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीचा रस्ता बंद. गुण तिचे आणि अंतर बापाने आखलेले.

केंद्राच्या प्रगती शिष्यवृत्तीतून तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला पन्नास हजार मिळतात. पण एका घरातल्या दोनच मुलींना. तिसरी मुलगी बहुतेकदा मुलाची वाट पाहताना झालेली असते, हे दिल्लीत कोण कुणाला सांगणार? वरच्या वर्गात गेली नाही तर शिष्यवृत्ती जाते. आईच्या आजारपणात घर सांभाळणाऱ्या मुलीचे एक वर्ष बुडाले, की मदत तिथेच थांबते.

तालुक्याच्या प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात सीईटीची तयारी कॉलेजच्याच वेळात, फुकट झाली पाहिजे. प्रवेशाच्या यादीत बारावीच्या गुणांनाही वजन हवे. फी माफ केली तशा वसतिगृहातल्या खाटा वाढवायला हव्यात; त्याशिवाय ती माफी गावाबाहेर पोचत नाही. एका वर्षाच्या अपयशावर शिष्यवृत्ती तोडू नये. ही मागणी घेऊन आपल्याला मंत्रालयात जायचे आहे, आणि त्यासाठी तुमच्या भागातली प्रकरणे लिहून पाठवा. कोणत्या मुलीची जागा किती पर्सेंटाइलने गेली आणि मग तिने काय केले, एवढे लिहिले तरी पुरे.

तोवर ज्यांच्या घरी किंवा वस्तीत बारावीची मुलगी आहे, त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवावे. जूनमध्ये तहसीलला रांग हलत नाही. आणि नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर तिचाच द्यावा. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या बऱ्याच मुलींचे ओटीपी भावाच्या फोनवर जात होते आणि भाऊ कामावर होता.