कर्वेचरित्र आणि ‘माझे पुराण’

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे चरित्र आपल्याकडे बहुधा संस्थांच्या सनावळीतून सांगितले जाते : १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आश्रमकार्याच्या कालखंडासाठी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) हा आधारग्रंथ मानला जातो, आणि तो मान रास्तच आहे. मात्र द्वितीय पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) त्याची घरगुती पुरवणी म्हणून वाचण्याची रूढी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या विधवेशी कर्व्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. मुरूडला बहिष्कार पडला. पुढे आश्रम उभा राहिला तेव्हा कर्व्यांनी विधवाशिक्षण आणि पुनर्विवाह ही दोन कार्ये जाणीवपूर्वक विभक्त ठेवली. पुनर्विवाहाच्या धास्तीने पालकांनी मुली पाठविण्याचे टाळू नये, हा त्यामागील हेतू होता. धोरण म्हणून ते दूरदर्शी होते. परंतु त्याचा एक परिणाम असा की, जिच्या विवाहाने कर्व्यांच्या सुधारणेला प्रारंभ झाला, ती पुनर्विवाहिता पत्नीच आश्रमाला अडचणीची ठरली. आश्रमासाठी त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीही देऊन टाकली. ‘आत्मवृत्ता’च्या हिशेबात हा त्याग आहे, संसाराच्या हिशेबात मात्र तो मुलाबाळांच्या भवितव्याची चिंता होऊन येतो.

म्हणून ‘माझे पुराण’ ही निव्वळ तक्रार नव्हे आणि पतिस्तुतीही नव्हे. सुधारणेचा खर्च कोणाच्या खाती पडला, याची ती नोंद आहे. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) सोबत ठेवल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. एकाच घरातील दोन विधवा बहिणींपैकी पुनर्विवाह न करणारी आश्रमाची कार्यकर्ती झाली, पुनर्विवाह करणारी त्याच्या परिघावर राहिली.

असे वाचन केल्याने कर्व्यांची थोरवी उणावेल, ही भीती अनाठायी आहे. उलट तिचे खरे मोल तेव्हाच कळते. चरित्रनायकाचा त्याग एकट्याचा मानणारी समीक्षा इतिहासाला अर्ध्यावर सोडते. अभ्यासक्रमात ‘आत्मवृत्त’ नेमले जाईल तेथे ‘माझे पुराण’ही नेमले जावे, पूरक वाचन म्हणून नव्हे, समकक्ष साधन म्हणून.