भिंतीवरचं वर्ष

दर वर्षी नाताळच्या आसपास एक वाद ठरलेला असतो. १ जानेवारी हे आपलं नवं वर्ष की नाही? "आमचं नवं वर्ष गुढीपाडव्याला, शुभेच्छा तेव्हाच द्या" असं ठणकावणारे निरोप एकीकडून येतात आणि चमचमणाऱ्या केकची चित्रं दुसरीकडून. बऱ्याचदा दोन्ही एकाच काकांकडून!

मला या वादात फारसा रस नाही. आमच्या घरात नवं वर्ष सुरू होतं ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर. जुनं कालनिर्णय उतरतं आणि नवं चढतं, तो आमचा नववर्षदिन. आणि गंमत बघा, ज्यात तिथी बघायची, चतुर्थीचा चंद्रोदय बघायचा, सगळे सणवार बघायचे, ते कालनिर्णयसुद्धा सुरू होतं जानेवारीतच. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तेव्हाच हा वाद गुपचूप मिटवून टाकला असं माझं प्रामाणिक मत आहे. पाडवा आत असतो, त्याच्या त्याच्या पानावर. २०२६ मध्ये १९ मार्चला. कुणाचं काही बिघडत नाही.

असो. लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

तुमच्या घरातलं डिसेंबरचं उतरवलेलं कॅलेंडर कधी नीट बघितलंय? आमच्या कॅलेंडरवर छापलेल्या मजकुरापेक्षा माझं अक्षर जास्त असतं. "दू २" म्हणजे दूध दोन पिशव्या. नुसती आडवी रेघ म्हणजे दूध नाही. "म" वर फुली म्हणजे मावशी आल्या नाहीत. गोलातला "ग" म्हणजे नवीन सिलिंडर लावला. शिवाय पेपर बंद ठेवल्याचे दिवस, शाळेच्या फीच्या तारखा, आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतात ते, पॉलिसीचा हप्ता, भाच्याचा वाढदिवस, आणि कोपऱ्यात माझे स्वतःचे काही ठिपके, ज्यांचा अर्थ मी कुणाला सांगायला बांधील नाही. एका घराचं सगळं वर्ष त्या बारा पानांवर असतं. फक्त ते वाचता येतं एकाच माणसाला.

२०२५ च्या जुलैत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चार दिवस हॉस्पिटल आणि मग आठ-दहा दिवस घरी पडून. माझा नवरा घरकामातला आळशी माणूस नाही, हे आधीच सांगते. वरण-भात-भाजी उत्तम करतो, कपडे वाळत घालतो, भांड्यांनाही नाही म्हणत नाही. तरी त्या चार दिवसांत त्याचे फोन किती आले असतील? सिलिंडर कधी लावला होता, संपत आला असेल का? दूधवाल्याला मागच्या महिन्याचे दिले का? धाकटीला बुधवारी पांढरा गणवेश की निळा? आईंची सकाळची गोळी जेवणाआधी की नंतर? "अरे, कॅलेंडरवर लिहिलंय," मी म्हणायचे. "लिहिलंय गं, पण काय लिहिलंय?" तो म्हणायचा. शेजारच्या कॉटवरच्या काकू हसून म्हणाल्या, "आमच्याकडे अगदी हेच."

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. घर चालवणं हे जितकं हातांचं काम आहे तितकंच लक्षात ठेवण्याचं आहे. हातांचं काम आता बऱ्याच घरांत थोडंफार वाटलं जातं. म्हणजे, जातं असं आपण म्हणतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ आला २८९ मिनिटं, आणि पुरुषांचा ८८. पण निदान हे मोजता तरी येतं. भाजी चिरता चिरता डोक्यात जे चाललेलं असतं, डाळ संपलीय, उद्या डब्यात काय, नणंदेला फोन करायचाय, त्याची मिनिटं कोण आणि कशी मोजणार?

आणि या कामाची मजुरी काय, तर कौतुक. "तुझ्या कसं गं सगळं लक्षात राहतं!" हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूश झाले होते. आता मला त्याची धास्ती वाटते. कारण त्याचा खरा अर्थ "तुझ्या लक्षात राहतं, तेव्हा आम्ही कशाला ठेवायचं?" असा आहे. ज्या कामाला गुण म्हटलं की त्याची वाटणी मागता येत नाही, अशा कामांत हे पहिलं.

यात नुसता माझा वैताग नाही. आमच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अख्ख्या घराण्याची स्मरणवही म्हणजे त्या. कुणाची तिथी कोणती, कुळाचाराला पुरण किती, कोणत्या चुलत घराशी सुतक लागतं, कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं होतं... कधी कुठे लिहिलं नाही, गरजच पडली नाही. दीड-दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलंय. परवा चहात साखर घातली की नाही हे त्यांनी मला तीनदा विचारलं. त्यांच्याबरोबर किती काय पुसलं जातंय याचा आम्हाला अंदाजही येत नाही, कारण आत काय काय होतं हेच कुणाला माहीत नव्हतं!

म्हणून यंदा, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात, ठरवलं की जुन्या कॅलेंडरवरून नव्यावर उतरवून घेण्याचं काम मी एकटी करणार नाही. मुलांना घेऊन करायचं. थोरल्याच्या शाळेला नाताळची आठवडाभर सुट्टी. धाकटी मराठी शाळेत, तिला फक्त २५ तारीख. दिवाळीची मोठी सुट्टी मिळते तो भाग वेगळा, पण डिसेंबरात हा अन्याय तिला रोज नव्याने वाटतो. आम्हा दोघांना तर १ जानेवारीचीही सुट्टी नाही, महाराष्ट्रात ती सार्वजनिक सुट्टी नसतेच. तेव्हा २६, २७, २८ अशा तीन संध्याकाळी सतरंजीवर जुनं आणि नवं कॅलेंडर शेजारी शेजारी पसरलं.

माझ्या बहिणीने फोनवर कळल्यावर कपाळाला हात लावला. "सुट्टीत मुलांना हिशोबाला काय बसवतेस? जरा खेळू दे, फिरवून आण." मला हे पटत नाही. सुट्टी म्हणजे मुलांना घरातल्या पाहुण्यासारखं वागवायचं आणि त्यांच्या करमणुकीचं आणखी एक खातं आईच्या डोक्यात उघडायचं, ही पद्धत आपण कधीपासून सुरू केली? दिवसभर ती खेळतच होती की!

थोरल्याचा पहिला प्रश्न आजोबांच्या तिथीवर. श्रावण वद्य षष्ठी. "आई, २०२५ मध्ये ऑगस्टच्या मध्यावर होती, २०२६ मध्ये सप्टेंबरमध्ये कशी?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "अरे, यंदा धोंड्याचा महिना आहे ना!" आणि मग जवळजवळ पाऊण तास त्या बोलत होत्या. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या मानाने दर वर्षी अकरा दिवस मागे पडतं, मग साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून गाडी जागेवर आणायची. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. म्हणून २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये थेट १४ सप्टेंबरला. संक्रांत मात्र सूर्याची, ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. चहातली साखर न आठवणाऱ्या बाईला हे सगळं घडाघडा येत होतं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतात म्हटल्यावर माझा नवरा पहिल्यांदा लॅपटॉपमधून मान वर करून आमच्यात येऊन बसला. त्या बोलतील तसं थोरला त्या त्या पानावर लिहीत गेला. तिथी, नाव, आणि आईंना आठवेल तेवढी माहिती. त्याच्या अक्षरात. माझ्या खुणांना पूर्ण बंदी.

वाटणीवर मात्र थोडी खडाजंगी झाली. दुधाचा हिशोब थोरल्याकडे, हे आईंना पसंत पडलं, हिशोब म्हणजे पुरुषी काम. पण औषधांची पानं? "ती धाकटीला दे गं, मुली जपून करतात." मी म्हटलं, "नाही आई, तुमच्या गोळ्या नातूच बघणार." त्या जरा गप्प झाल्या. मी माघार घेतली नाही. काळजी घेणं हा मुलींचा स्वभाव आहे असं आठव्या वर्षी तिला सांगितलं, तर अठ्ठाविसाव्या वर्षी तिलाही कुणीतरी तेच कौतुकाचं वाक्य ऐकवणार.

धाकटीकडे मावशींचं पान. तिने जुन्या फुल्या मोजल्या आणि विचारलं, "खाडा म्हणजे काय?" न येण्याचा दिवस, मी म्हटलं. "मग बाबा ऑफिसला नाही गेला तर त्याला सुट्टी म्हणतात ना?" आम्ही मावशींना महिन्यातून दोन दिवस भरपगारी सुट्टी देतो, पण आधी ठरवून दिलेली सुट्टीसुद्धा भिंतीवर फुली म्हणूनच लागायची. आता दुसऱ्या दिवशी मावशींनाच विचारून तिने हिरव्या पेनाने त्यांचे दिवस आधीच लिहून ठेवलेत. जानेवारीतला एक त्यांनी संक्रांतीचा घेतला. मला त्या दिवशी पोळ्या मिळणार नाहीत, हे मला तीन आठवडे आधी कळलं. चांगलंच झालं.

नवऱ्याचं म्हणणं असं की हे सगळं फोनवर करावं, एक सामाईक कॅलेंडर उघडून. बरोबर आहे त्याचं. गोळ्यांचा गजर आता फोनवरच वाजतो. पण फोन ज्याच्या खिशात त्याचा. आई फोन बघत नाहीत, धाकटीला आम्ही देत नाही, मावशींना आमच्या कॅलेंडरमध्ये कोण घेणार? भिंत सगळ्यांची असते, आणि येता जाता दिसते.

आता जानेवारी संपत आलाय. थोरल्याने मधे चार दिवस दूध लिहिलंच नाही. मला दिसत होतं. त्या चार दिवसांत मी गप्प बसले हे माझं या वर्षातलं सगळ्यात अवघड काम! पाचव्या दिवशी दूधवाल्याशी दारात उभं राहून, मान खाली घालून, त्याने स्वतःच ते जुळवलं. आई रोज सकाळी चहा झाला की भिंतीपाशी जातात, गोळीसमोर नातवाने केलेली खूण चष्मा वर-खाली करून बघतात, आणि नसली तर "अरे ए!" म्हणून त्याला हाक मारतात. मला नाही.

वाणसामानाची यादी तेवढी अजून माझ्याच डोक्यात आहे. ती नवऱ्याच्या वाटणीला आलीय, पण फेब्रुवारीत ऑफिसचं काम फार, मार्चमध्ये बघू म्हणतो. मी १९ मार्चच्या चौकोनात, पाडव्याच्या गुढीच्या चित्राखाली, "वाणसामान – बाबा" असं लिहून ठेवलंय. पेनाने.