एम.ए. अर्थशास्त्र, मुक्काम नांदगाव खंडेश्वर

आमच्या तालुक्यात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या पोरापुढे लोक दोनच वाटा ठेवतात. अमरावतीला खोली करून स्पर्धा परीक्षा, नाहीतर बी.एड. दोन्हीकडे जागा थोड्या, रांग मोठी. भारतीय आर्थिक सेवा १९६१ पासून आहे. पण तिला पदव्युत्तर पदवी लागते आणि देशभरात मिळून जागा मोजक्याच निघतात. मग घरचे म्हणतात, विषयच चुकला. मला हे पटत नाही.

एम.ए. करून मी इथल्याच एका शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदी आणि हिशेब पाहते. "इकॉनॉमिक्स शिकून का भेटलं वं पोरी?" असं विचारणारे काकाच सोयाबीन निघालं की येतात आणि विचारतात, आता विकू का थांबू?

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण काकांना रोख हवी असते ती दिवाळीआधी. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, ६ टक्के दराने. समजा बाजारात भाव ४,००० आहे आणि माल २० क्विंटल. साठ हजार उचल मिळाली, तर सहा महिन्यांचं व्याज साधारण १,८०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे नव्वद. भाव त्याहून जास्त चढेल असं वाटत असेल तरच थांबायचं. ते ठरवताना वाळून घटणारं वजन धरावं लागतं, खाद्यतेलाचं आयातशुल्क पाहावं लागतं आणि फेब्रुवारी-मार्चात बाजारात उतरणारं ब्राझीलचं पीकही. मागणी-पुरवठ्याचा धडा शिकलेल्या पोराला हे जमणार नाही तर कोणाला?

पगाराचं खरं सांगते. तो शहरातल्या बँकेएवढा नाही. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना आणली. तिच्यात व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. पुढे कंपनीने स्वतःच्या धंद्यावर पगार काढायचा. म्हणजे आपली नोकरी टिकवायची तर आपणच कंपनीला नफ्यात आणायचं. ही जोखीम आहे, पण पाच-पाच वर्षं जाहिरातीची वाट पाहणं हीसुद्धा जोखीमच. तिचा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

कॉलेजांनी एक करावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पुस्तकातून उतरवून घेऊ नये. प्रत्येकाला बाजार समिती, पतसंस्था किंवा उत्पादक कंपनीत एक हंगाम बसवावं. आवक, भाव, कर्ज यांच्या नोंदी एक्सेलमध्ये मांडायला लावाव्यात. टॅली आणि जीएसटीचं विवरणपत्र तिथेच शिकून होतं. असा पोरगा मुलाखतीला गेला, तर पदवीच्या कागदासोबत केलेलं काम दाखवील. आणि स्पर्धा परीक्षा द्यायचीच असेल तर खुशाल द्यावी, पण हातात कमाई ठेवून.