दोन बिऱ्हाडे, एक सुटी

शिमगा सरला आणि परीक्षांचे वेळापत्रक भिंतीवर लागले, की पुष्कळ घरांतून जेवणाच्या वेळी एक प्रश्न हटकून निघतो, "यंदा सुटीत कोठे जावयाचे?" प्रश्न एकाच घरापुरता असतो तोवर तो फारसा अवघड नसतो. वडील माणसे ठरवितात, मुले थोडी कुरकुर करतात आणि अखेर सारे जातात. परंतु दुसरे कुटुंब बरोबर घ्यावयाचे ठरले, की त्या प्रश्नाचा व्यवहार होतो; आणि या व्यवहारात पैशांहून मोलाची एक वस्तू गहाण पडते. ती म्हणजे दोन घरांमधील स्नेह. तो सुटीवरून घरी सुखरूप परत यावा, यासाठी निघण्यापूर्वी काय काय करावे लागते, हे आम्ही या महिन्यात आमच्याच घरच्या बेतावरून सांगणार आहो.

आमचे बिऱ्हाड मुंबईस. माणसे सात. आमच्या मातोश्री 82 वर्षांच्या. आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांच्या पत्नी, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि दहा वर्षांची पुतणी. आमचे स्नेही कोल्हापुरास असतात. त्यांच्या घरी चार माणसे. ते, त्यांच्या पत्नी, ज्यांना आमच्या घरातील सारी मंडळी काकू म्हणतात, एक नोकरी करणारा मुलगा आणि एक शिकणारी मुलगी. एकूण संख्या अकरा.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी हीच अकरा माणसे महाबळेश्वरास एक बंगला भाड्याने घेऊन राहिली होती. मुक्काम आनंदात पार पडला असे आम्ही समजत होतो. खर्च दोन घरांत निम्मा-निम्मा वाटून घेतला. हिशेब फार सरळ झाला याचा आम्हांस अभिमानही वाटला. पुढे आठ महिने कोल्हापुराहून फोन आला नाही. शेवटी कारण कळले तेव्हा आम्ही ओशाळलो. सात माणसांच्या घराने निम्मे दिले आणि चार माणसांच्या घरानेही निम्मेच दिले! स्नेह्यांनी भिडेपोटी शब्द काढला नाही आणि आमच्या ते ध्यानात आले नाही. शिवाय त्या बंगल्यातील स्वयंपाकघरात तीन बायका अकरा माणसांचे दोन वेळचे रांधीत होत्या, आणि आम्ही पुरुष मंडळी सूर्यास्त पाहून परत आल्यावर "चहा झाला का?" म्हणून विचारीत होतो. हेही तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. निदान पुरुषांपैकी कोणाच्या नाही.

यंदा स्नेह्यांच्या चिरंजिवांनी स्पेनचा बेत मांडला. माद्रिद, सेव्हिल, बार्सिलोना ही शहरे आठवड्याभरात पाहता येतील, मे महिन्यात तिकडची हवा सुखाची असते, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. त्यांनी माहितीही चोख काढली होती. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढ माणसास 90 युरो, किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा, बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येकाने जातीने हजर राहणे, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येणे, इत्यादी सारे त्यांनी वहीत टिपून आणले होते. आम्ही कौतुकाने ऐकत होतो. इतक्यात पुतणीने विचारले, "मग आजीजवळ कोण राहणार?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग, आम्हांस लाज वाटते, पण सत्य हेच की सर्वांची दृष्टी आमच्या भावजयींकडे वळली. आणि त्याही सवयीने "मी राहीन की" असे म्हणून मोकळ्या झाल्या. मातोश्री ताटावरून न उठता म्हणाल्या, "मला कोणाची सोबत नको आणि कोणाची सुटी मोडायला नको." स्पेनचा बेत त्या रात्री बाजूस राहिला. तरुणांनी पुढे कधी अवश्य जावे. परंतु एक माणूस मागे ठेवून दहाजणांनी करावयाची सुटी आम्हांस रुचली नाही.

दुसऱ्या दिवशी स्नेह्यांनीच फोनवर रत्नागिरी सुचविली. आमच्या मातोश्रींचे ते माहेर. कोल्हापूरकरांस मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली या वाटेने सुमारे 130 किलोमीटर. आम्हांस कोकण रेल्वेने सकाळी निघून दुपारी पोहोचता येते. 26 जानेवारी 1998 रोजी ही रेल्वे सलग सुरू झाली; रेल्वे येण्यापूर्वी वृद्ध माणसास मुंबईहून रत्नागिरी म्हणजे घाटवळणांची एक अख्खी रात्र होती. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि मे महिन्यातील जागा पहिल्याच दिवशी भराभर जातात, म्हणून तारखा प्रथम ठरविल्या. महिन्याचा दुसरा आठवडा धरला. त्या वेळी हापूस ऐन भरात असतो; अखेरच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो आणि मुलांना पाण्यात सोडण्याची चिंता वाढते.

तारखा ठरल्यावर आम्ही एक युक्ती केली. अकराही माणसांनी प्रत्येकी एकच इच्छा चिठीवर लिहावयाची. दुसऱ्याची विचारावयाची नाही आणि कोणाच्या इच्छेस हसावयाचे नाही. कोल्हापूरच्या चार चिठ्या टपालाने आल्या. त्या सर्व एकत्र वाचल्या तेव्हा चार दिवसांचा कार्यक्रम जवळजवळ आपोआप तयार झाला.

मातोश्रींनी लिहिले होते, "मांडवीच्या बंदरावर एक संध्याकाळ बसणे." त्या लहान असताना मुंबईहून बोटीने येत. मोठी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यास लागत. पावसाळा आला की बोटी बंद, मग माहेरही चार महिने बंद. त्या बोटी आता इतिहासजमा झाल्या. पण बंदर आहे आणि बसावयास जागाही आहे. हा कार्यक्रम पहिल्या संध्याकाळी.

स्नेह्यांची इच्छा टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर पाहण्याची. 23 जुलै 1856 रोजी लोकमान्य याच गावी जन्मले, हे मुलांस पाठ असते. परंतु कौलारू घरासमोर उभे राहून ती तारीख निराळी वाटते. पतितपावन मंदिर 1931 मधील. 1924 पासून 1937 पर्यंत सावरकरांस रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते. त्या काळात त्यांची खटपट आणि भागोजीशेठ कीर यांचे द्रव्य यांतून हे मंदिर उभे राहिले. ज्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या माणसास देवळाची पायरी बंद होती, त्या काळी हे सर्व जातींच्या हिंदूंस खुले झाले. आमच्यासारख्या घरांतील आजोबा-पणजोबांनी त्या वेळी कोणती बाजू घेतली होती, असे मुलांनी तेथे विचारले तर खरे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच जावे, असे आमचे मत आहे.

पुतण्यास थिबाराजाचा राजवाडा पाहावयाचा आहे. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि पुढल्या वर्षी त्यास रत्नागिरीस आणून ठेवले. राजवाडा बांधून पुरा झाला 1910 साली, आणि 1916 च्या डिसेंबरात राजा येथेच वारला. तीस वर्षे त्याने या गावी काढली. त्याची समाधीही येथेच आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिचे दर्शन घेऊन गेले. आता वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून वार पाहून दिवस नेमावा.

पुतणीस "मोठा मासा" पाहावयाचा आहे. तिच्यासाठी सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय, जेथे देवमाशाचा प्रचंड सांगाडा मांडलेला आहे. काकूंच्या मुलीस रत्नदुर्ग, तेथील भगवतीचे देऊळ आणि तटावरून दिसणारा समुद्र. तिच्या बंधूंनी, स्पेन हुकल्याचा राग न धरता, भाट्याच्या सुरूबनात पहाटे धावण्याची परवानगी मागितली! आमच्या बंधूंची चिठी अर्थात आंब्यांची होती. उरल्या घरातील तिघी आणि आम्ही. आमचे म्हणणे एवढेच, की कोणी आम्हांस हिशेब लिहावयास सांगू नये. ते नामंजूर झाले.

आमच्या घरातून आलेल्या दोन चिठ्यांवर जवळजवळ एकच मजकूर होता, "चार दिवस हातात झारा नको." म्हणून स्वयंपाकघरासकट घर घेण्याचा विचार सोडून दिला. ते स्वस्त पडते हे खरे. परंतु ती काटकसर कोणाच्या हातांनी होते, हे महाबळेश्वरास कळून चुकले आहे. राहण्यास एकाच ठिकाणी पाच खोल्या, त्यांतील एक तळमजल्यावर, खुर्चीच्या उंचीचा शौचकूप असलेली. आणि जेवण घरगुती खाणावळीत. फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, सोलकढी, घावन आणि आमरस ही मंडळी आदल्या दिवशी सांगितल्यास गरम मिळतात. मातोश्रींचा एकादशीचा फराळही आधी कळवून ठेवला आहे.

काकूंची चिठी कोरी होती. ती चुकून आली असावी असे वाटून फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक नाही, वहिनी. मला काय हवे ते आठवेचना. कोणी विचारलेले नव्हते ना कधी." आमच्या पत्नींनी त्यांना आणखी आठ दिवसांची मुदत दिली. सातव्या दिवशी निरोप आला, "एक दुपार, एका खोलीत एकटी. एक पुस्तक, आणि दार वाजवायचे नाही."

आता ही इच्छा पुरी करण्यास स्पेनची वही कामास आली, हे सांगितले पाहिजे. तेथील दक्षिणेकडच्या सेव्हिलसारख्या शहरांत जुलै-ऑगस्टात पारा 40 अंशांवर जातो. तेथील लोक उन्हाशी झगडत नाहीत. गल्ल्यांवर कापडी छते ताणतात, दुपारी पुष्कळ दुकाने बंद ठेवतात, दोन वाजून गेल्यावर सावकाश जेवतात, आणि ऊन उतरले की आजीपासून नातवापर्यंत सारे घर रस्त्यावर फिरावयास निघते. आमच्या वामकुक्षीची ही सख्खी बहीणच! रत्नागिरीचा पारा तितका चढत नाही. पण मे महिन्यातील दमट हवेत दुपारी हिंडणे वृद्धांस व मुलांस तितकेच बाधते. म्हणून आम्ही नियम केला, की सकाळी साडेसहा ते दहा बाहेर, संध्याकाळी पाचनंतर बाहेर, आणि मधली दुपार ज्याची त्याची. थिबाराजाचा वाडा आणि मत्स्यालय यांच्या सरकारी वेळा असल्याने तेवढे दोन अपवाद. तेथे निदान डोक्यावर छप्पर आहे. एका दिवसात दोनांहून अधिक ठिकाणे घ्यावयाची नाहीत. तिसरी दुपार काकूंची. त्या वेळी मुले आमच्याकडे आणि दारावर पहारा स्नेह्यांचा.

पैशांचे या वेळी असे ठरले आहे. प्रवास ज्याचा त्याचा, खोल्या ज्याच्या त्याच्या. जेवण, स्थानिक वाहने आणि तिकिटे यांसाठी एक सामाईक थैली; तीत डोईप्रमाणे वर्गणी, बारा वर्षांखालील मुलास निम्मी. थैलीचे दोन कारभारी, प्रत्येक घरचा एक, आणि हिशेब रोज रात्री निजण्यापूर्वी सर्वांसमक्ष वाचावयाचा. आंबे मात्र थैलीबाहेर; कारण पेट्या किती घ्याव्या याविषयी आमच्या बंधूंशी तह होणे शक्य नाही. रत्नागिरीसह कोकणच्या हापूसास 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी नावाखाली दुसरा माल खपविला जातोच. ओळखीच्या बागायतदाराकडून, अढीत घालण्याजोगा घ्यावा, एवढेच सांगतो.

आणखी एक कलम स्नेह्यांनी घातले, ते आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटते. चारांपैकी एक संध्याकाळ दोन्ही घरांनी वेगवेगळी घालवावयाची. दोन घरे सतत एकमेकांच्या तोंडासमोर राहिली, की गोडीसही आंबूस वास येऊ लागतो. थोडे दूर होऊन पुन्हा भेटले, म्हणजे सांगावयास काही राहते.

वाचकांपैकी कोणी यंदा दुसऱ्या कुटुंबाबरोबर निघणार असतील, मग ते रत्नागिरीस जावोत की सेव्हिलला, त्यांनी स्थळाआधी दोन गोष्टी कागदावर घ्याव्या. डोया मोजाव्या, म्हणजे पैशांची अढी पडणार नाही. आणि प्रत्येकाच्या हाती चिठी द्यावी. एखादी कोरी आली, तर ती फेकू नये. लिहिणारीस आठ दिवस द्यावे. आमच्या पुतणीने काकूंची ती कोरी चिठी जपून ठेवली आहे. रत्नागिरीस पोहोचल्यावर ती त्या खोलीच्या दारावर बाहेरून चिकटविणार आहे, "येथे कोणी नाही" असे लिहून.