इंटर्नशिपचे नवे शहर आणि अंगावर काढलेला ताप

लातूर, नांदेड, जळगावहून इंटर्नशिपसाठी पुण्यात येणाऱ्या मुला-मुलींची पहिली धावपळ ठरलेली असते. कॉट बेसिसवर जागा, मेस किंवा डबा, हिंजवडीची बस आणि ऑफिसात चांगली छाप पाडण्याची धडपड. घरी फोनवर ‘सगळं छान आहे’ असे सांगितले जाते. या धावपळीत एक प्रश्न राहून जातो : आजारी पडलो तर जायचे कुठे?

घरी ताप आला की आई कपाळाला हात लावते, ओळखीचे डॉक्टर असतात. खोलीवर तसे कोणी नसते. नवीन असताना रजा कशी मागायची, या संकोचाने ताप अंगावर काढला जातो आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली जाते. पावसाळ्यात हे महागात पडू शकते. डेंगीत धोक्याची लक्षणे बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतात. रुग्णाला मात्र आपण बरे झालो असे वाटते आणि तो कामावर जातो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर लगेच रुग्णालय गाठावे. डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन घेऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ घ्यावेत.

दूषित अन्न-पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ तर संसर्गानंतर दोन ते सात आठवड्यांनी दिसते. पहिल्या आठवड्यात बाहेर प्यायलेल्या पाण्याचा हिशेब दुसऱ्या महिन्यात चुकवावा लागतो.

याची सगळी जबाबदारी मुलांवर ढकलणे योग्य नाही. कंपन्या पहिल्या दिवशी लॅपटॉप, पासवर्ड, ओळखपत्र देतात. आजारपणाची रजा कशी घ्यायची आणि जवळचे रुग्णालय कोणते, हेही त्याच दिवशी सांगायला हवे. 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा आहे. पण हे विमे मृत्यू आणि अपघाती अपंगत्वासाठी आहेत. डेंगीने दाखल झालेल्याचे बिल त्यातून भागत नाही. इंटर्नसाठी आजारपणाचा विमा हवा. मुलांना पाठवणाऱ्या महाविद्यालयांनीही त्याचा आग्रह धरला पाहिजे.

मुलांनी पहिल्याच आठवड्यात जवळचे सरकारी रुग्णालय पाहून ठेवावे. आधार आणि रेशनकार्डाचे फोटो मोबाइलमध्ये असावेत. रूममेटला घरचा नंबर द्यावा. एकटेपणाने झोप उडाली, तर ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. आणि दोन दिवस ताप राहिला, तर तिसऱ्या दिवशी ऑफिस नव्हे, डॉक्टर गाठावा.